मत्स्यखाद्यातील काटकसर आणि माशाचे आतडे

जनावरास काय घालावे याचे ज्ञान खेड्यातील मनुष्याला प्रथम गुरांपासून मिळते. सरकीची पेंड गाईला मानवते, कोंडा म्हशीला चालतो, कडब्यावर बैल निभावतो, हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. पुढे शेततळे होते किंवा मच्छीमार सहकारी संस्थेस गावतलाव ठेक्याने मिळतो, त्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडली जातात, आणि गोठ्यातील तेच पोते तळ्याच्या काठी जाऊन पोहोचते. ‘‘बैलाला चालते, ते माशाला का चालू नये?’’ हा प्रश्न अशा वेळी हटकून विचारला जातो. प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. परंतु त्याचे नीट उत्तर देण्याऐवजी ग्रामपातळीवरील कार्यकर्ता पुष्कळदा पोत्यावर छापलेला प्रथिनांचा आकडा वाचतो, भावाशी त्याची तुलना करतो आणि मान डोलावतो. ही पद्धत चुकीची आहे, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे. माशाचे खाद्य स्वस्त आहे की महाग, हे पोत्यावर ठरत नसून माशाच्या आतड्यात ठरते.

बैल रवंथ करतो. त्याच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. ते चाऱ्यातील तंतू फोडतात, पेंडीतील कित्येक अपायकारक द्रव्यांचा बराचसा जोर मोडतात आणि मग ते अन्न पुढे सरकते. निसर्गाने बैलाच्या शरीरातच जणू एक आंबवणीचा रांजण बसवून दिला आहे. कार्प जातीच्या माशांजवळ असा रांजण तर नाहीच, पण त्यांना साधे जठरही नाही. अन्न घशातून थेट आतड्यात उतरते. आपल्या जठरातील आम्ल व पेप्सीन हे पाचकद्रव्य प्रथिनांवर पहिला घाव घालतात. रोहू किंवा मृगळ यांच्या पोटात तो पहिला घाव नाही. प्रथिने पचविण्याची सारी भिस्त आतड्यात येणाऱ्या ट्रिप्सिनसारख्या पाचकद्रव्यांवर असते. रोहू व मृगळ यांचे आतडे शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट लांब व वेटोळे घातलेले असते, ते उगीच नव्हे. वनस्पतिजन्य अन्नास सावकाश पचण्यास वाव मिळावा म्हणून ती सोय आहे. तथापि बोटुकलीच्याही आधीच्या अवस्थेत हेच आतडे आखूड असते. त्या वयात मासा पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो आणि वाढीबरोबर त्याचे आतडे लांबत जाते. मोठ्या माशाला झेपणारे खाद्य पिलांना झेपत नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे.

पर्यायी खाद्याचा शोध घेण्याची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. मत्स्यसंवर्धनात होणाऱ्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यात प्रथिनांसाठी मासळीची कुटी वापरण्याची प्रथा जगभर पडली. पण एक मासा वाढविण्यासाठी समुद्रातील दुसरे मासे दळावयाचे, हा व्यवहार फार काळ चालण्यासारखा नाही. पेरू देशाच्या किनाऱ्यावर १९७० साली अँचोव्हेटा या लहान माशाची पकड एक कोटी टनांहून अधिक होती. १९७२ साली एल निनोमुळे समुद्र तापला, त्यात बेसुमार पकडीची भर पडली, आणि १९७३ साली ती वीस लाख टनांच्या आसपास आली. त्या धक्क्याने कुटीचे भाव कडाडले व त्यामागोमाग सोयाबीनचेही कडाडले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील तारली गरिबाच्या ताटातील मासळी असून तिचाही मोठा भाग कुटीच्या व तेलाच्या कारखान्यांत जातो. सुदैवाने कटला, रोहू, मृगळ यांना कुटीची गरज मुळात थोडी आहे. किंबहुना जठरातील आम्ल नसल्यामुळे कुटीतील हाडांमधला स्फुरद या माशांना नीटसा वापरताच येत नाही. तेव्हा आपल्या तळ्यांत वनस्पतिजन्य पेंडी वापरणे ही नाइलाजाची तडजोड नसून योग्य मार्ग आहे. प्रश्न एवढाच की, कोणती पेंड, कशी तयार केलेली आणि किती प्रमाणात.

येथे प्रथिनांच्या आकड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेत पेंडीतील नत्र मोजतात व त्यास ६.२५ ने गुणून जो आकडा येतो, त्यास कच्ची प्रथिने म्हणतात. हा आकडा पेंडीत नत्र किती आहे ते सांगतो. त्यातील किती माशाच्या अंगी लागेल, ते सांगत नाही. कच्चे सोयाबीन व उकडलेले सोयाबीन यांचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. परंतु माशाच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

सोयाबीनचा विचार जरा विस्ताराने करणे अगत्याचे आहे, कारण विदर्भ व मराठवाड्यात हे पीक घरोघरी आहे. बाजारभाव पडला की, ‘‘विकण्यापेक्षा दळून तळ्यात टाकू’’ हा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनचे काम अडवून धरणारे एक द्रव्य असते. ज्या प्राण्यास जठर आहे, त्याचेही त्याने नुकसान होते. मग ज्या माशाची सारी भिस्त ट्रिप्सिनवर आहे, त्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी. मासा पोटभर खातो, पाणी गढूळ होते, पोती रिकामी होतात आणि जाळे ओढल्यावर मासा तेवढाच्या तेवढाच. सुदैवाने हे द्रव्य उष्णतेने नष्ट होते. सोयाबीन रात्रभर भिजवून अर्धा तास चांगले उकळावे, किंवा कच्चा वास जाईपर्यंत सावकाश भाजावे. तेल काढून झालेली कारखान्यातील पेंड बहुधा भाजलेलीच असते, म्हणून ती घेणे अधिक सोयीचे.

परंतु उष्णतेने सर्वच दोष जात नाहीत. सोयाबीनमध्ये सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात, ती उकळल्याने हटत नाहीत. नॉर्वे देशात सालमन माशाच्या खाद्यात सोयाबीनची साधी पेंड घालून पाहिली तेव्हा माशाच्या आतड्याच्या शेवटच्या भागास दाह होतो, आतील नाजूक घड्या आखूड होतात, असे १९९६ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले. पेंड बंद केल्यावर काही आठवड्यांत आतडे पूर्ववत झाले. या दाहात सॅपोनिनचा मोठा हात असल्याचे पुढे दिसून आले. तेथील लोकांनी सोयाबीन टाकून दिले नाही. अल्कोहोलने धुऊन सॅपोनिन काढून टाकलेले सोयाबीनचे प्रथिन त्यांनी वापरात आणले. १९९० च्या सुमारास नॉर्वेतील सालमनच्या खाद्यात समुद्रातून आलेले घटक ९० टक्के होते, ते २०१३ पर्यंत सुमारे ३० टक्क्यांवर आले. आपला सायप्रिनस सालमनइतका नाजूक नाही. हॉलंडमध्ये त्यावर झालेले प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सोयाबीनच्या पेंडीने सायप्रिनसच्या आतड्यासही दाह झाला, पण पेंड चालू असतानाच चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून तो ओसरू लागला. यावरून दोन गोष्टी समजतात. आपले मासे सोयाबीनची पेंड पचवू शकतात, ही पहिली. त्यांच्या आतड्यास जुळवून घेण्यास महिनाभर लागतो, ही दुसरी. आणि नेमक्या याच महिन्यात आपल्याकडे खाद्याचे प्रमाण घाईघाईने वाढविले जाते.

सॅपोनिन म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकावरून पटणार नाही, त्यांनी मोहाची पेंड आठवावी. तळ्यातील मरळ, शिंगाडा आदी भक्षक व निरुपयोगी मासे काढून टाकण्यासाठी मोहाच्या बियांची पेंड हेक्टरी सुमारे २,५०० किलो, पाणी एक मीटर खोल असल्यास, टाकण्याची शिफारस आहे. त्या पेंडीतील सॅपोनिन कल्ल्यांवाटे रक्तात शिरते, तांबड्या पेशी फुटतात व मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांनी विषाचा जोर ओसरतो आणि तीच पेंड पुढे तळ्यास खत म्हणून उपयोगी पडते. अशा रीतीने मेलेले मासे माणसाने खाण्यास हरकत नसते. पूर्व विदर्भातील मोहाच्या मुलखात हे कोणास सांगावे लागत नाही. सोयाबीनमधील सॅपोनिन मोहातील सॅपोनिनइतके जहाल नाही व ते थोडेही असते. तथापि कूळ तेच आहे. एका पेंडीने तळे साफ होते, दुसरीने मासे पोसतात, आणि दोहोंच्या पोत्यांवर लिहिलेले असते फक्त ‘पेंड’.

सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते. हे द्रव्य प्रथिनांतील लायसीन या महत्त्वाच्या घटकास चिकटून बसते व तो घटक निरुपयोगी करते. प्रौढ बैलाच्या कोठीपोटात गॉसिपॉलचा बराच बंदोबस्त होतो, माशाच्या पोटात होत नाही. शिवाय टरफलासह गाळलेल्या सरकीत तंतू फार. टरफल काढलेल्या सरकीची पेंड इतर पेंडींबरोबर थोड्या प्रमाणात वापरण्यास हरकत नाही. केवळ सरकीवर मासे वाढविणे हा तोट्याचा धंदा आहे. लहान बोटुकलींना ती देऊच नये.

प्राणिज पर्यायांपैकी रेशमाच्या कोशातील किडा हा आपल्या भागास जवळचा. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत टसर रेशमाचे काम चालते आणि तळीही तेथेच आहेत. सूत काढून झाल्यावर उरणारा किडा वाळविला तर त्याच्या वजनाचा निम्मा भाग प्रथिनांचा असतो. जपानमध्ये, विशेषतः नागानो प्रांतात, सायप्रिनस मासे पिढ्यान्‌पिढ्या रेशीमकिड्यांवर वाढविले गेले. परंतु तेथेच एक विचित्र रोगही उद्भवला. मासे खात होते, पण त्यांच्या पाठीचे मांस झिजत जाऊन पाठ धारेसारखी होत असे. जपानी लोकांनी त्यास ‘सेकोके’ म्हणजे पाठझीज असे नाव दिले. शोध घेता असे आढळले की, दोष किड्याचा नव्हता. साठविलेल्या किड्यातील तेल खवट झाले होते. १९६० नंतरच्या दशकात जीवनसत्त्व ई देऊन हा रोग टाळता येतो, हेही सिद्ध झाले. खवट वास हीच येथील परीक्षा होय आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. ताजा किडा उकळून, कडक वाळवून, शक्य तर तेल गाळून घेऊन महिन्याभरात संपवावा. साठा करण्याचा मोह टाळावा.

अलीकडे ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचा बराच गाजावाजा आहे. युरोपीय संघाने २०१७ साली माशांच्या खाद्यात कीटकजन्य प्रथिनांस परवानगी दिली. अळीत प्रथिने भरपूर असतात हे खरे. मात्र अळी ज्यावर वाढते त्याचे गुणदोष तिच्यात उतरतात. भाजीबाजारातील निरोगी टाकाऊ मालावर वाढविलेली अळी वेगळी आणि उकिरड्यावरची वेगळी. अ‍ॅझोला हा पर्याय गवत्या माशास उत्तम, इतरांस पूरक म्हणूनच ठीक.

पालापाचोळ्याच्या बाबतीत शांतिनिकेतन येथील विश्वभारती विद्यापीठात झालेले काम ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथील संशोधकांनी माशांच्याच आतड्यात राहणारे बॅसिलस जातीचे उपयुक्त जंतू वेगळे केले. हेच जंतू माशाच्या आतड्यात तंतू फोडण्यास मदत करतात. तळ्यावर तरंगणारे टिकलीगवत व सुबाभळीचा पाला या जंतूंनी आंबवून रोहूच्या बोटुकलींना खाऊ घातला असता, न आंबविलेल्या पाल्यापेक्षा वाढ चांगली झाली. हे निष्कर्ष २००२ व २००४ साली प्रसिद्ध झाले. आंबवण्याने तंतू व टॅनिनसारखी त्रासदायक द्रव्ये घटली होती. बैलाच्या कोठीपोटात जे काम आपोआप होते, ते माशासाठी बाहेर, पिंपात, करून द्यावे लागते, एवढाच याचा अर्थ. आंबवण हे आपल्या घरातील स्त्रियांस नवीन नाही. इडलीचे वा आंबोळीचे पीठ केव्हा साधले आणि केव्हा नासले, हे ओळखणाऱ्या माणसास मत्स्यखाद्याचे आंबवण शिकविणे कठीण जाऊ नये. साधलेल्या आंबवणास आंबूस, स्वच्छ वास येतो. काळी-हिरवी बुरशी दिसल्यास ते टाकून द्यावे.

हे जंतू आता बाटल्यांतूनही विकले जातात. ‘आतड्याचे आरोग्य’ हे शब्द त्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत असतात. त्या सर्वच निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु कच्चे सोयाबीन, टरफलाची सरकी किंवा कुबट कोंडा चालू ठेवून वरून महागडी बाटली ओतणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय. कार्यकर्त्याने बाटलीची शिफारस करण्यापूर्वी पेंडीचे पोते उघडून हुंगावे.

येथे अनुभवी मच्छीमार एक आक्षेप घेतील आणि तो विचार करण्यासारखा आहे. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांत वर्षानुवर्षे कोंडा व मिळेल ती पेंड टाकली गेली आणि मासे वाढलेच. मग आताच आतड्याची चिंता कशासाठी? याचे उत्तर असे की, त्या तलावांत मासे विरळ होते व पाणी जिवंत होते. कोंड्यात जे कमी पडे, ते पाण्यातील सूक्ष्म जीव पुरवीत. मासा आपला आहार स्वतःच पुरा करून घेई. बरीचशी पेंड तर प्रत्यक्षात तलावाचे खत होऊन जाई. आता प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी आली आहेत. त्यांच्या तळाशी माती नाही, नैसर्गिक अन्न थोडे आणि मासे मात्र दाट. धरणांतील पिंजऱ्यांची स्थितीही तीच. तेथे माशाच्या पोटात जाणारा प्रत्येक घास माणूस टाकतो. त्यात जे उणे असेल ते दुसरीकडून भरून निघत नाही. जुन्या तलावाच्या अनुभवावरून नव्या शेततळ्यास सल्ला देणे हीच आज होणारी सर्वांत मोठी चूक आहे.

काटकसरीचा हिशेबही याच दृष्टीने करावयास हवा. समजा, एका खाद्याचा भाव किलोस २० रुपये आहे व एक किलो मासा वाढण्यास ते साडेतीन किलो लागते. दुसऱ्याचा भाव ३० रुपये आहे, पण ते दोनच किलो लागते. पहिल्याने एक किलो मासा ७० रुपयांस पडला, दुसऱ्याने ६० रुपयांस. शिवाय पहिल्या तळ्यात दीड किलो खाद्य जास्त पडले, ते विष्ठा होऊन वा तसेच तळाशी कुजणार आणि पाण्यातील प्राणवायू ओढून घेणार. पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले की शेतकरी आभाळाकडे पाहतो, ढगाळ हवेस दोष देतो. पोत्याकडे कोणी पाहत नाही. ठेक्याची रक्कम, बीजाचा खर्च आणि वर्षाची मेहनत अशी एका पहाटेत बुडू शकते.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक सवय अवश्य लावून घ्यावी. महिन्यातून एकदा वाढ पाहण्यासाठी जाळे टाकले जाते, तेव्हा केवळ वजन न करता दोन मासे कापून आतडे पाहावे. निरोगी आतडे भरीव, गुळगुळीत व लवचिक असते. ते लालसर, सुजलेले, पातळ किंवा पिवळट पाण्याने भरलेले आढळले, वा त्यात कोंड्याची फोलपटे जशीच्या तशी दिसली, तर खाद्यात दोष आहे असे समजून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यास कळवावे. पाण्यावर पांढरे, लांब दोऱ्यासारखे विष्ठेचे धागे तरंगताना दिसणे हीदेखील एक सूचना आहे. बाजारात मासे कापून देणाऱ्या बाईला या गोष्टी अधिकाऱ्यांच्या कितीतरी आधी कळतात. तिला विचारण्यात कमीपणा मानू नये.

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. पहिल्या आठवड्यात जुन्यात चौथा हिस्सा नवे मिसळावे आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू बदल पुरा करावा. शक्य असेल तेथे तळ्यातच कापडाचा हापा बांधून त्यात शंभरेक बोटुकल्यांवर आधी महिनाभर पाहावे. वाढ पाहून मगच पोती भरावीत. एकाच पेंडीवर विसंबण्यापेक्षा भुईमूग, सोयाबीन व थोडी सरकी अशी मिसळ कोंड्याबरोबर देणे हिताचे, कारण एकीचा दोष मग माशास सोसवेल एवढा पातळ होतो. खाद्य तळ्यावर उधळून न टाकता छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत भरून बांबूला टांगावे. आंध्रातील कोल्लेरू भागातील शेतकरी असेच करतात. पिशवी किती वेळात रिकामी होते यावरून भूक समजते.

शेवटी बुरशीविषयी, कारण पावसाळ्यात तीच सर्वांत जास्त घात करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेले. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राऊट माशांच्या केंद्रांत माशांना यकृताचे कर्करोग होऊ लागले; त्याचे मूळ खाद्यातील बुरशी लागलेल्या सरकीत सापडले. हे विष अफलाटॉक्सिन. आपले कार्प मासे ट्राऊटइतके हळवे नाहीत, परंतु यकृत बिघडले की पचनही बिघडते, आणि हे विष उकळून किंवा उन्हात घालून जात नाही. पेंडीची पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. मृगाच्या आधी जुना साठा संपवावा. गोळे झालेली, आतून हिरवट-काळी व कुबट वासाची पेंड माशांना देऊ नये. गुरांपुढेही ती ठेवू नये, कारण हे विष दुधात उतरते. ती उकिरड्याच्या खड्ड्यात पुरून शेतास खत म्हणून वापरावी.